पचणाऱ्यांचं घराणं

आबा ड्रमात हात घालायचे तो थेट कोपरापर्यंत. दोनशे लिटर पाण्यात बाटलीतलं औषध ओतलं की पाणी ताकासारखं पांढरं व्हायचं, आणि त्या पांढऱ्या पाण्यात आबांचा काळा हात गरगर फिरायचा. काठी शेजारीच पडलेली असायची. कुणी ती पुढं केली तर आबा तिच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. ढवळून झालं की हात धोतराला पुसायचा, त्याच हातानं कानामागची बिडी काढून पेटवायची आणि पहिला धूर सोडताना म्हणायचं, "आपल्याला पचतं."

औषध म्हणजे पिकावरच्या किडीचं विष. बारामती-इंदापूरच्या रस्त्यानं कधी गेला असाल तर द्राक्षाच्या मांडवाखालून पाठीवर पंप घेतलेली माणसं ओळीनं जाताना तुम्हीही पाहिली असतील. नव्वद सालानंतर बागा वाढल्या तशा फवारणीच्या टोळ्या वाढल्या. आबा अशा एका टोळीचे मुकादम होते. राहायला सांगवीत, काम मात्र पार इंदापूरच्या पलीकडंपर्यंत. शेतकरी स्वतः गाडी घेऊन आबांना न्यायला यायचे, कारण आबांनी मारलेल्या, म्हणजे फवारलेल्या, बागेत कीड उरत नाही असा लौकिक होता.

मी किनवटकडचा. सहावीत शाळा सुटली. तिशीत आलो तेव्हा गावाकडची लाकडाची वखार बंद पडली आणि बायको नि दीड वर्षाची मुलगी घेऊन मी एका ओळखीच्या माणसाच्या भरवशावर इकडं आलो. तो माणूस आधीच दुसरीकडं निघून गेला होता. सांगवीच्या स्टॅंडवर ट्रंकेवर बसलो होतो, तिथं आबांनी विचारलं, कुठले, काय, जेवलात का. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोळीत होतो.

टोळीची एक रीत होती. नव्या माणसानं पहिल्या दिवशी ड्रम हातानं ढवळायचा, मग पंप पाठीवर घ्यायचा. दुपारपर्यंत उभा राहिला तर तो पचणारा. गरगरला, ओकला, तर न पचणारा. त्यानं घरी जायचं. मी अकरा वाजताच गळालो. मांडवाच्या तारा डोळ्यांपुढं फिरायला लागल्या, तोंडातून लाळ गळायला लागली आणि मी ओळीत आडवा झालो. आबा येऊन डोक्याशी उभे राहिले. सगळ्या टोळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाव्हणं, आईनं दूध पाजलं हुतं का गुलाबपाणी?"

माणसं पोट धरून हसली. हसून झाल्यावर आबांनीच मला उचलून बांधावर आणलं, अंगावर पाणी ओतलं, गाडी करून दवाखान्यात नेलं, आणि सुई टोचेपर्यंत माझं डोकं मांडीवर धरून बसले. संध्याकाळी म्हणाले, पंप तुमच्या नशिबात न्हाय. वाचता येतं का? मी म्हटलं, सहावीपर्यंत. "मग कागद वाचा." आबांना अक्षरओळख नव्हती. त्या दिवसापासून बाटलीवरचा कागद वाचणं, मुकादम सांगेल तेवढी मापं ड्रमात ओतणं आणि विहिरीवरून पाणी आणणं हे माझं काम झालं. राहायला त्यांच्या गोठ्याशेजारची खोली मिळाली. दुसरं लेकरू झालं तेव्हा आबांच्या बायकोनं, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, माझ्या बायकोचं बाळंतपण सख्ख्या आईसारखं केलं. माझ्या मुलीच्या पायात पहिली चप्पल आबांनी घातली. परमुलखात एवढं कोण कुणासाठी करतं? त्यामुळं पुढं त्यांनी मला जे करायला सांगितलं त्याला मी नाही म्हणू शकलो नाही. ते मी सांगणारच आहे.

आबा दयाळू होते असं मात्र कुणी समजू नका. जीभ विळ्यासारखी. तोंडाला फडकं बांधणाऱ्याला ते 'नवरी' म्हणत. "आली बगा नवरी, मुंडावळ्या आणा रे." एका माणसाचे डोळे फार चुरचुरायचे. त्यानं चष्मा मागितला तर आबांनी त्याला आठवडाभर 'मास्तरीण' म्हणून हाका मारल्या, आठव्या दिवशी तो आलाच नाही. मी एकदा भीत भीत बाटलीवरचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवलं, हातमोजे घाला, तोंड झाका. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लिवणाऱ्यानं कधी बाग मारलीय का?"

घराण्याचा त्यांना भारी अभिमान होता. वडील मेंढरं विकून शेतीत आले, तेव्हा पांढरी पावडर फडक्यात बांधून पिकावर झटकायचे. घरी यायचे ते पीठगिरणीतून आल्यासारखे. त्यांना पचलं. आबांना पचलं. काकू आबांच्या सख्ख्या मामाची मुलगी, म्हणजे, आबा म्हणायचे, दोन्हीकडनं रक्त एकच, पोराला पचणारच. आबांचे थोरले भाऊही टोळीतच होते. ते चाळिशीत दमायला लागले, पंप खाली ठेवून घरी बसले आणि वर्षभरात मानेत गाठी येऊन वारले. त्याचाही अर्थ घरानं लावून ठेवला होता. जोवर औषधात होता तोवर ठणठणीत होता, म्हणायचे, सोडलं आन् गेला. त्या घरात कुणी पंप सोडायचं नाव काढत नसे ते यामुळं.

मुलाचं नाव दत्ता. सतराव्या वर्षी तो टोळीत आला तेव्हा त्यानं तोंडाला टॉवेल बांधला होता. आबांनी तो सगळ्यांदेखत ओढून काढला आणि ड्रमात बुडवून त्याच्या खांद्यावर टाकला. "माझा असशील तर हात घाल." दत्तानं हात घातला. त्याला काही झालं नाही. त्या दिवशी आबांनी टोळीला भजी खाऊ घातली.

पाच-सहा वर्षं अशी गेली. मग एका उन्हाळ्यात आबा गळ्याला मफलर गुंडाळून यायला लागले. वैशाखात मफलर, म्हणून माणसांनी दबक्या आवाजात 'नवरा आला' म्हणून घेतलं. मी त्यांना बोअरवर अंघोळ करताना पाहिलं. मानेच्या दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी होत्या, काखेतही. माझ्याकडं बघून म्हणाले, "काय बगताय? वाचून सांगा, काय लिवलंय त्येच्यावर."

बारामतीच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्यात गाठीचा तुकडा काढला आणि लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध द्यायचं ठरलं. दत्ता टोळी सांभाळत होता, म्हणून आबांबरोबर एसटीनं जायचं काम माझ्याकडं आलं. तिसऱ्या खेपेला केस गेले. आबा टोपी काढून मला म्हणाले, बगा, तण गेलं, आता पीक यील.

त्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. याच आजाराच्या माणसांचा ती अभ्यास करत होती. काम काय करता, कशात हात असतो, घरात आधी कुणाला असं झालं का, सगळं विचारून लिहून घ्यायची आणि रक्त न्यायची. आबांनी भावाचं सांगितलं. ड्रमाचं तर अभिमानानं सांगितलं, अगदी हात फिरवून. बाई लिहायच्या थांबल्या.

पुढच्या एका खेपेला त्यांनी आम्हाला बाकावर बसवून समजावलं. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. शरीरात बाहेरून विष आलं की ते धुऊन काढणारे काही पदार्थ शरीर स्वतः बनवतं. ते कसे बनवायचे ती कृती आई-बापाकडून येते, एक प्रत याच्याकडून, एक तिच्याकडून. काही माणसांत एखादी कृती दोन्हीकडून आलेलीच नसते. माणूस दिसायला धडधाकट असतो, पण विष आत रेंगाळतं. आबांच्या रक्तात अशा दोन कृती नव्हत्या. त्यामुळंच हा आजार झाला का, हे मात्र सांगता येत नाही, बाई पुन्हा पुन्हा म्हणाल्या. अभ्यास चालू आहे. अशी माणसं पुष्कळ असतात आणि बहुतेकांना काही होत नाही. एका माणसाचं कारण काढून दाखवता येत नाही.

आबा म्हणाले, "पण मला कवा चक्करसुदिक आली न्हाय."

"चक्कर येणं वेगळं, बाबा, आणि हे वेगळं. चक्कर येत नाही म्हणजे विष बाहेर गेलं, असं नाही."

आबांनी माझ्याकडं बोट केलं. "म्हंजी ह्यो पडला, त्येला पचत हुतं, आन् मला न्हाय?"

बाई हसल्या. "त्यांचं रक्त मी कुठं तपासलंय?"

आबा नाही हसले. त्यांनी विचारलं, पोराचं काय. बाईंनी उलट विचारलं, बायको नात्यातली का? सख्ख्या मामाची, आबा म्हणाले, आमच्यात भायेरचं रक्त आणत न्हाईत. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं, नेहमी छाती काढून. त्या दिवशी ते अर्ध्यावर बारीक झालं. बाई म्हणाल्या, मग मुलातही त्या कृती नसण्याची शक्यता जास्त आहे. घेऊन या, तपासून बघू. काहीही निघालं तरी हात घालणं बंद करा, तोंड झाका, आणि जमलं तर हे काम सोडाच.

एसटी जेजुरीच्या पुढं आली. मी म्हटलं, दत्ताला पुढच्या खेपेला आणू, रक्त देऊ. आबा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "नगं. वाईट निघालं तर तो मानणार न्हाय. आन् चांगलं निघालं तर दोन्ही हात घालंल."

घरी आल्यावर त्यांनी दत्ताला समोर बसवून सगळं सांगितलं. बाईंच्या शब्दांत सांगायला गेले, जमेना, मग मला सांगायला लावलं. दत्तानं ऐकून घेतलं. तेवीस वर्षांचा, आबांसारखाच रुंद खांद्याचा. म्हणाला, आबा, आजारानं तुमी भ्यालाय. म्हणाला, काका घरी बसले आन् गेले, तुमीच सांगत आला. आबा म्हणाले, ते मी चुकीचं सांगितलं. आपण कुठली गोष्ट चुकीची सांगितली असं आबांना म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. दत्ता उठला, कानामागची बिडी काढली आणि म्हणाला, "आपल्याला पचतं."

महिनाभर आबा त्याच्या मागं लागले. हातमोजे आणले, दत्तानं ते गोठ्यात खुंटीला अडकवून टोळीला दाखवले, आबांची नवरी झाली म्हणून. माणसं हसली, आबा खाटेवर पडून ऐकत होते. त्यांनीच शिकवलेलं हसणं होतं ते, शब्दसुद्धा त्यांचेच. पंपाला हात लावायचा नाही अशी काकूंनी शपथ घातली, दत्तानं ती जेवता जेवताच उडवून लावली.

मग ऑक्टोबरची छाटणी झाली. आमच्याकडं नियम होता की हंगामाचा पहिला फवारा मुकादमाच्या स्वतःच्या बागेवर मारायचा. ती बघून बाकीचे बागाईतदार टोळीला बोलावतात. आबांची अर्धा एकर द्राक्षं अगदी रस्त्याला लागून होती, येणारा-जाणारा प्रत्येक जण बघायचा. फुटवे बोटभर झाले होते, एवढे कोवळे की नखानं तुटावेत.

फवाऱ्याच्या सकाळी आबांनी मला खाटेजवळ बोलावलं. "आज दत्ता माप सांगंल. त्येच्या तिप्पट टाका."

मला वाटलं तापात बोलताहेत. म्हटलं, आबा, बाग जळेल.

"जळू द्या."

"नाव जाईल. हंगामभर कुणी बोलावणार नाही."

"मग काय सांगतोय मी?"

मी त्यांच्या पायाशी बसलो. म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी सांगा. आबा म्हणाले, माप तुमच्याच हातात हाय, दुसरा कोण करनार. मग जे म्हणाले ते त्यांनी माझ्याकडून मागितलेलं एकुलतं एक मागणं होतं: "पाव्हणं, त्येला कवा सांगायचं न्हाय. मी मेल्यावरबी न्हाय. कळलं तर पुन्यांदा पंप घील."

दत्तानं सांगितलं दोन मापं. मी सहा ओतली. त्यानं बघितलं नाही, तो बिडी पेटवत होता. मग त्यानं कोपरापर्यंत हात घालून ते ढवळलं. तीनपट औषधात, माझ्यासमोर. हा विचार मी आधी केलाच नव्हता. काठी घेऊन धावलो तर मला म्हणाला, व्हा बाजूला, पाव्हणं.

तिसऱ्या दिवशी बाग तपकिरी झाली. फुटवे मान टाकून लोंबत होते, पानांच्या कडा बिडीच्या पानासारख्या चुरत होत्या. आबांनी खाट रस्त्याच्या कडेला आणायला लावली. मफलर काढला, टोपी काढली, गाठी आणि टक्कल उन्हात उघडं टाकून बसले, म्हणजे माणसं थांबावीत. थांबली. कोऱ्हाळ्याचे, इंदापूरकडचे, पुढच्या आठवड्याचा फवारा ठरलेले बागाईतदार. दत्ता खाली मान घालून उभा होता. आबा म्हणाले, "बापाची बाग जाळली ह्यानं. तुमची काय ठिवनार हाय? ह्येच्या हाताला गुण न्हाय. माझ्या पोटी कसं आलं हे, त्येच्या आयलाच म्हाईत."

काकू दारातून ऐकत होत्या. त्या आत गेल्या आणि पुढं दोन दिवस बाहेर आल्या नाहीत.

दत्ता माझ्याकडं आला. विचारलं, पाव्हणं, किती टाकलं? मी म्हणालो, तू सांगितलंस तेवढं. तो म्हणाला, मी दोन म्हणलो. मी म्हणालो, सहा म्हणालास. आपलंच तोंड असं बोलतंय हे मी लांबून ऐकत होतो.

बोलावणी बंद झाली. आठवड्यात टोळीतली माणसं दुसऱ्या मुकादमाकडं गेली. दत्तानं पंप गोठ्यात टाकले आणि भवानीनगरला जाऊन उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून लागला. जाताना आईच्या पाया पडला, खाटेला वळसा घालून गेला.

त्यानंतर आबा पुण्याला यायला नको म्हणाले. दवाखान्यातल्या बाईंनी कार्डावर पुढची तारीख लिहून दिली होती, ती आली आणि गेली. मी अधूनमधून भवानीनगरला जाऊन यायचो. आलो की आबांचा एकच प्रश्न असायचा. "शिव्या देतो का अजून?"

मी म्हणायचो, देतो. तुमचं नाव काढलं की थुंकतो.

"मग बरं हाय," आबा म्हणायचे, आणि त्या दिवशी अर्धी भाकरी खायचे.

आबा पौषात गेले. त्या सकाळी काकूंनी पाणी पाजलं, आबांनी ते गिळलं नाही, एवढंच झालं.

दत्ता आज धडधाकट आहे, मुलाचं लग्न केलं त्यानं. पंप सुटला म्हणून वाचला, की पंप असता तरी वाचला असता, हे मला माहीत नाही आणि कळायचा मार्गही नाही. रक्त त्यानं कधी दिलं नाही. आता बागांतून ट्रॅक्टरवरचे ब्लोअर फिरतात, परत जायला टोळीच उरली नाही, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय. त्याच्या वाचण्यात आलं तर येऊ दे.

आबा गेल्याचा निरोप घेऊन मीच मोटरसायकलवर भवानीनगरला गेलो. कारखान्यासमोर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, दत्ता ट्रॅक्टरच्या चाकाजवळ चहा पीत उभा होता. मला बघूनच त्याला कळलं. कप खाली ठेवला. शेजारी आमच्या जुन्या टोळीतला एक जण उभा होता. नवा मुकादम पटत नाही, तू परत ये, डाळिंबाच्या बागा हायेत, असं सांगायला तो आला होता. मला तसं त्यानंच हसत हसत सांगितलं, आबा गेल्याचं त्याला अजून माहीत नव्हतं.

दत्तानं मला बाजूला घेतलं. "आता आबा न्हाईत," म्हणाला. "एवढं खरं सांगा. त्या दिवशी माप मी किती म्हणलो हुतो?"

त्याचे डोळे आबांसारखे होते. 'दोन' तोंडापर्यंत आलं होतं. तिकडं टोळीतला माणूस उत्तराची वाट बघत बिडी ओढत होता.

मी म्हणालो, "सहा."

दत्तानं मान हलवली. "मग माझंच चुकलं," म्हणाला. ट्रॅक्टरची किल्ली काढून मागच्या ड्रायव्हरकडं दिली, त्या माणसाला हातानंच नको म्हणून सांगितलं आणि माझ्या मागं गाडीवर बसला. सांगवीपर्यंत त्यानं दोनदा गाडी थांबवायला लावली. दोन्ही वेळा तो उसाच्या कडेला जाऊन गुडघ्यांत तोंड घालून बसला, आणि तो परत येईपर्यंत मी रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो.